शिलाई मशीनला शिव्या कशाला?

‘शिवणक्लास नको, त्यातून बाई पुन्हा घरातच!’ आपल्या बैठकांमध्ये हे वाक्य इतक्यांदा म्हटलं जातं की ते खरं आहे का, हे आता कोणी तपासत नाही. बाईसाठी योजना म्हणजे शिलाई मशीन, ही सरकारी कल्पनाशक्तीची धाव. तिच्यावर आपण टीका केली, ती रास्तच होती. पण टीका करताकरता आपण शिवणकामच हलकं ठरवून टाकलं. माझं भांडण त्याच्याशी आहे.

मी शाळेत असल्यापासून माझे कपडे स्वतः शिवते. एमएसडब्ल्यू करताना शिवत होते, आज वस्तीत काम करतानाही शिवते. रविवारी दुपारी सतरंजीवर कापड अंथरायचं, खडूने आखायचं, बेतायचं, टाचण्या लावायच्या आणि मग टीप घालायची. यात कुणाचीही सेवा नाही, कुणासाठी त्यागही नाही. माझं डोकं आणि माझे हात माझ्याच अंगासाठी राबतात. ‘तुला एवढा वेळ कसा मिळतो गं?’ असं मैत्रिणी विचारतात. दर महिन्याला ट्रेकला जाणारीला मात्र हे कोणी विचारत नाही!

खिशाचंच बघा. पुरुषाच्या शर्ट-पँटला मिळून चार-पाच खिसे असतात आणि आपण दुकानातून आणलेल्या बहुतेक कुर्त्यांना एकही नाही. नऊवारीवाल्या आजीला पैसे कनवटीला खोचता येत, तिच्या कमरेला चंचीही असे. आपण शिवलेल्या कपड्यांत आलो तशी ती सोय गेली आणि खांद्याला पर्स लटकली. माझ्या प्रत्येक कुर्त्याच्या उजव्या शिवणीत वीतभर खोल खिसा असतो. मोबाइल, किल्ली, सुटे पैसे आत आणि मोर्चात दोन्ही हात मोकळे. मापाचंही तसंच. तयार कपडा बसला नाही की बाई दोष देते स्वतःच्या दंडाला, पोटाला. शिवणारी बाई मोंढा अर्धा इंच वाढवते आणि विषय संपतो.

आता हेच मशीन वस्तीतल्या घरात बघा. तिथे नगावर काम चालतं. दोरा तिचा, सुई तिची, वीज तिची, मशीन बिघडलं तर दुरुस्तीही तिचीच. नग नापास झाला की पैसे कापले. माल आणून देणारा माणूस दिसतो, त्याच्यामागचा मालक कधीच दिसत नाही. गळ्यात टेप अडकवून दुकानात बसलेला पुरुष ‘टेलर’ असतो आणि तेच काम घरी आठ-आठ तास करणारी बाई ‘फावल्या वेळात शिवते’! घरी बसून माल तयार करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली संमत केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. प्रशिक्षण आहे, कर्ज आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही आहे. नगाचा दर ठरवायला मात्र कोणी येत नाही.

म्हणजे बाईला घरात डांबलं ते मशीनने नव्हे, दराने. आपण मशीनला शिव्या घालत बसलो आणि दराचा प्रश्न ठेकेदाराच्या हवाली केला. शिवाय दिवसभर दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचं स्वतःचं ब्लाऊज सणाच्या आदल्या रात्रीपर्यंत तसंच पडून असतं. तिचं कसब विकत घेतलं जातं, तेही कवडीमोलाने. त्यातला आनंद मात्र तिच्या वाट्याला येतच नाही. हा आनंद म्हणजे मध्यमवर्गीय चोचला, असं ज्या मैत्रिणींना वाटतं त्यांनी एकदा वस्तीतल्या बाईला स्वतःसाठी कापड निवडताना पाहावं. रंगावरून, काठावरून ती दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालते.

म्हणून शिवणक्लास बंद करू नका, त्याचा अभ्यासक्रम बदला. झबलं आणि परकर शिकवण्याआधी प्रत्येकीने पहिला कपडा स्वतःच्या मापाचा, स्वतःच्या आवडीचा आणि खिसा असलेला शिवावा. शेवटचा आठवडा हिशेबाला ठेवा. एका नगाला किती मिनिटं लागली, दोरा किती गेला, विजेचं बिल किती वाढलं, ठेकेदाराने हातावर काय टेकवलं, हे सगळं फळ्यावर मांडा. गल्लीतल्या सगळ्या शिवणाऱ्या बायांना त्या दिवशी बोलवा आणि पुढचा माल घेण्याआधी कमीत कमी दर किती मागायचा, ते तिथेच ठरवून घ्या.