‘पनवेल’वरचे खलाशी कोण होते?

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो आणि १९७१ मधील कराचीवरील हल्ल्याची कहाणी नव्याने सांगितली जाते. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका, बुडालेली पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’, केमारीच्या तेलसाठ्यांना लागलेली आग हे सारे तपशील वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणालाही जवळजवळ पाठ आहेत. २०२३ मध्ये हा सोहळा मालवणजवळ तारकर्लीला, सिंधुदुर्गाच्या साक्षीने झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या सागरी परंपरेचे गोडवेही भरपूर गायले गेले. या सगळ्या वर्णनांत नौकांची नावे असतात, त्यांच्या कप्तानांची नावे असतात. त्या नौकांच्या पोटात, इंजिनांच्या कर्णकर्कश आवाजात आणि डिझेलच्या वासात रात्र काढणाऱ्या खलाशांची नावे मात्र सहसा नसतात.

हा प्रश्न कर्जत तालुक्यातील कशेळे येथून विचारला तर प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव शहरी वाचकाला ठाऊक असते ते खांडसमार्गे भीमाशंकर चढणाऱ्या गिर्यारोहकांमुळे. रायगड जिल्हा म्हटले की अलिबाग, मुरुड, उरण आठवते. कर्जत-खालापूर ही त्याच जिल्ह्याची समुद्राकडे पाठ केलेली, सह्याद्रीच्या कुशीतली बाजू. परंतु नौदलातील साधा खलाशी किनाऱ्यावरूनच येतो, हा आपला गोड गैरसमज आहे. कराचीवर चाल करून गेलेल्या क्षेपणास्त्र नौकांच्या ताफ्याचे प्रमुख कमांडर बब्रू भान यादव हरियाणातील रेवाडीकडचे, आणि त्याच युद्धात महावीर चक्र मिळवणारे लीडिंग सीमन चिमन सिंग हेही त्याच भागातले. दोघांच्याही गावापासून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा छोट्या युद्धनौकांवर कोण होते याचा शोध घ्यायचा तर तो बंदरांपुरता ठेवून चालणार नाही. कशेळ्यासारख्या आतल्या गावांपर्यंत न्यावा लागेल.

आधी या नौकांविषयी थोडे. मोठ्या युद्धनौकेला लहान, वेगवान, स्वस्त होडीने गाठावे आणि एका घावात निकामी करून पळावे, ही कल्पना पाणतीर नौकांची, म्हणजे टॉर्पेडो बोटींची. आंग्र्यांच्या गलबतांनी इंग्रजांच्या अवजड जहाजांना सळो की पळो करून सोडले, त्यामागचा हिशेब फारसा वेगळा नव्हता; अर्थात ही तुलना फार ताणू नये. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील अनेक आरमारांनी अशा नौकांचे ताफे बाळगले. युद्धानंतर सोव्हिएत रशियाने आपल्या पाणतीर नौकेच्याच सांगाड्यावर पाणतीराऐवजी क्षेपणास्त्रे बसवली आणि ‘कोमार’ जातीची नौका तयार झाली. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या कोमार नौकांनी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली आणि जगभरच्या नौदलांची झोप उडाली. भारताने घेतलेल्या ‘ओसा’ नौका या त्याच घराण्यातल्या. दोनशे टनांच्या आसपास वजन, चार क्षेपणास्त्रे आणि तीसेक माणसे. अशा आठ नौका १९७१ च्या आरंभी आल्या त्या कोलकात्यात उतरवाव्या लागल्या, कारण त्यांना उचलण्याच्या ताकदीची यारी मुंबईत नव्हती. तेथून त्या ओढत मुंबईला आणल्या गेल्या. खलाशांचे प्रशिक्षण व्लादिवोस्तोकला झाले होते. हल्ल्याच्या रात्री शत्रूला चकवण्यासाठी बिनतारी संदेश रशियन भाषेत दिले-घेतले गेले, असे सांगितले जाते, ते या प्रशिक्षणामुळेच शक्य झाले.

तीस माणसांच्या नौकेवर प्रत्येक माणूस मोलाचा असतो. विमानवाहू जहाजावर हजारभर लोकांत एखाद्याची चूक झाकली जाईल. येथे रडारसमोर बसलेल्या किंवा इंजिनघरात उभ्या असलेल्या एकाच्या हातून चूक झाली तर सारी नौका गेली. म्हणून पाणतीर नौकांच्या इतिहासाला खलाशांच्या नावांशिवाय अर्थ नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील अशा ताफ्यांचे दप्तर क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही पाहता येते. तेथे वंशज येतात, आजोबांच्या नौकेचे अहवाल काढतात, सहकाऱ्यांची नावे जुळवतात. आपल्याकडे हे का घडत नाही?

उत्तर शोधताना कराचीपेक्षा पूर्वेकडची, रायगडकरांना अधिक जवळची वाटावी अशी एक घटना पाहणे उपयोगाचे ठरेल. १९७१ मध्ये नौदलाकडे रशियन बनावटीच्या काही छोट्या गस्ती नौका होत्या. त्यांची नावे भारतातील बंदरांवरून ठेवलेली: पणजी, पांबन, पुलिकत, पुरी आणि पनवेल. खाडीकाठच्या आपल्या पनवेलचे नाव घेतलेली ही जेमतेम शंभर टनांची नौका डिसेंबर १९७१ मध्ये सुंदरबनच्या नद्यांतून पूर्व पाकिस्तानात शिरली. तिच्यासोबत ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मूळच्या कोलकाता बंदराच्या, बोफोर्स तोफा बसवून लढाऊ केलेल्या नौका होत्या. त्यांवर बरेचसे बंगाली खलाशी होते, पाकिस्तानी नौदल सोडून मुक्तिलढ्यात उतरलेले. सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ही होती. या पथकाचे नेतृत्व कमांडर मोहन नारायण राव सामंत या मराठी अधिकाऱ्याकडे होते. सामंत मूळचे पाणबुडीवाले. १९६९ मध्ये ‘करंज’ ही पाणबुडी रिगा येथे नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. ‘पनवेल’चे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हा.

१० डिसेंबरला हे पथक मोंगला गाठून खुलन्याकडे वळले. आपली ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळी खूण केलेली होती. तरीही दुपारच्या सुमारास आकाशात आलेल्या भारतीय हवाई दलाच्याच नॅट विमानांनी त्यांना शत्रूच्या नौका समजून हल्ला चढवला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ दोन्ही गेल्या. ‘पनवेल’ वाचली आणि तिने पाण्यात पडलेल्यांपैकी अनेकांना उचलून घेतले. चिमन सिंग जखमी अवस्थेत काठाला लागले. तेथील पाकिस्तानी सैनिकांच्या माऱ्यातून सोबत्यांना निसटता यावे म्हणून ते स्वतः गोळीबारासमोर गेले आणि कैद झाले. बांगलादेश मुक्त झाल्यावरच त्यांची सुटका झाली. सामंत, नोरोन्हा आणि चिमन सिंग, तिघांनाही महावीर चक्र मिळाले. एका छोट्या नदीमोहिमेत असा सन्मान तिघांना मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता दुसरी बाजू. ‘पलाश’च्या इंजिनघरात काम करणारे मोहम्मद रुहुल अमीन त्या दिवशी जिवाला मुकले. बांगलादेशाने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. असे वीर साऱ्या युद्धात अवघे सात. रूपसा नदीकाठी त्यांची कबर आहे आणि तेथील नौदलाने त्यांच्या नावाची युद्धनौकाही बाळगली. एका यंत्रकारागिराला एका देशाने हे स्थान दिले. त्याच दिवशी, त्याच नदीत असलेल्या ‘पनवेल’च्या तेलवाल्याचे, तोफवाल्याचे, स्वयंपाक्याचे नाव पनवेल शहरातही कोणाला सांगता येणार नाही. दोष कोणा एकाचा नाही. आपल्याकडे स्मरणाची व्यवस्था मृत्यू आणि पदक या दोनच दारांतून आत घेते. ९ डिसेंबरला बुडालेल्या ‘खुकरी’वरील १८ अधिकारी आणि १७६ खलाशांचे स्मारक दीवला आहे, दिल्लीत २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. जे परत आले, निवृत्त झाले, गावी गेले, त्यांच्यासाठी दार नाही.

महायुद्धातील खलाशांचे तर आणखी बिकट. तेव्हाच्या शाही भारतीय नौदलाच्या मोटार लाँच आराकानच्या खाड्यांतून जपान्यांशी लढल्या. त्या युद्धात मरण पावलेल्या नौदलातील सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरील जवळजवळ सहा हजार भारतीय खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मृतिग्रंथांत नोंदलेली आहेत. पण तेथेही पुन्हा फक्त मृतच.

कशेळ्याच्या परिसराला स्मरण कसे टिकते हे वेगळे शिकवावे लागत नाही. जवळच्याच सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईला वीज पुरवणाऱ्या तारांचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता या डोंगरांच्याच आसऱ्याने वावरला. त्यांची आठवण सरकारी दप्तराने राखली नाही. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर जमणाऱ्या लोकांनी राखली. त्या दोघांचे काम लोकांच्या डोळ्यांसमोर झाले होते. खलाशाचे काम मात्र हजार मैलांवर, गोपनीयतेच्या शपथेखाली झालेले असते. गावाला ते माहीतच नसते, मग गाव ते जपणार कसे? म्हणून येथे दप्तराला पर्याय नाही.

दप्तर उघडण्याचे धोरण आता कागदावर तरी आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धेतिहासाची कागदपत्रे जपणे, खुली करणे आणि त्यांवरून इतिहास लिहिणे यासंबंधीचे धोरण मंजूर केले. युद्धदैनंदिन्या, मोहिमांचे अहवाल, हालचालींच्या नोंदवह्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे द्याव्यात, साधारणपणे पंचवीस वर्षांत त्या खुल्या व्हाव्यात आणि त्याहून जुनी कागदपत्रे तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात जावीत, असे त्यात म्हटले आहे. मुळात १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही हेच सांगत होता. पंचवीस वर्षांच्या हिशेबाने १९७१ चे दप्तर १९९६ पासूनच खुले व्हायला हवे होते. त्या युद्धाचा अधिकृत इतिहास एस. एन. प्रसाद यांच्या संपादनाखाली १९९२ पर्यंत तयार होऊनही सरकारने तो छापला नाही. २००० मध्ये तो एका वृत्तपत्रामार्फत फुटला, तेव्हा लोकांना वाचायला मिळाला.

गोपनीयतेचा युक्तिवाद सर्वस्वी फोल आहे असे नाही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. केमारीचे तेलसाठे ४ डिसेंबरच्या पहाटे हवाई दलाच्या हंटर विमानांनी पेटवले की त्याच रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्रांनी, हा वाद पन्नास वर्षे उलटूनही दोन्ही दलांच्या माजी अधिकाऱ्यांत चालूच आहे. मूळ नोंदवह्या समोर असत्या तर तो केव्हाच मिटला असता. मे २०२५ मध्ये तर काही वृत्तवाहिन्यांनी नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे रात्रभर सांगितले आणि ते खोटे निघाले. खऱ्या हल्ल्याची नीट माहिती नसलेल्या समाजाला खोट्या हल्ल्याची बातमी पटकन खरी वाटते, यात नवल ते काय?

सामंतांनी संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक २०१९ मध्ये आले; त्याच वर्षी सामंतांचे निधन झाले. अधिकाऱ्यांच्या आठवणी अशा निदान छापल्या तरी जातात. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला खलाशी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे आणि तो पुस्तक लिहिण्याची शक्यता कमी. त्याच्यापर्यंत पोचायचे तर कागद दोन टोकांना आहेत. खलाशांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात; माजी सैनिकांच्या नोंदी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, म्हणजे रायगडपुरते अलिबागला. कशेळ्याहून अलिबागला जाऊन यायचे तर दिवस मोडतो. कोणी वृद्ध माजी नौसैनिक किंवा त्याची पत्नी केवळ ‘आमच्या नौकेवर कोण कोण होते’ हे विचारायला तेवढी पायपीट करणार नाही, आणि करू नये. ते काम तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांचे. शाळेच्या जनरल रजिस्टरपासून निवृत्तिवेतनाच्या पुस्तिकेपर्यंतचे कागद गावातच असतात, आणि ते वाचायला कोणाच्या परवानगीपेक्षा घरच्यांचा विश्वास लागतो.

वरच्या टोकासाठी माहिती अधिकाराचा कायदा आहे. २००५ च्या या कायद्याच्या कलम ८ (३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाच्या सुरक्षेसारखे मोजके अपवाद वगळता, नाकारता येत नाही. ‘पनवेल’ ही नौका १० डिसेंबर १९७१ रोजी खुलन्यापुढे होती, हे तर पदकांच्या मानपत्रांतूनच जाहीर झालेले आहे. त्या दिवशीच्या तिच्या खलाशांची नामावली मागणारा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात करता येतो. त्यावर सुरक्षेचे कारण पुढे केले गेले, तर चौपन्न वर्षांपूर्वीच्या तोफवाल्याचे आणि स्वयंपाक्याचे नाव कळल्याने कोणती सुरक्षा धोक्यात येते, हे नौदलाला अपिलात सांगावे लागेल.