काचेतला समुद्र

सेलूसारख्या गावी समुद्राचे मत्स्यालय मांडावे काय, असे कोणी विचारले तर पुष्कळजण हसतील. येथे काळी जमीन, कापसाचे पीक आणि दुधना नदी. तिचे पाणीदेखील पूर्णा व गोदावरी यांच्या वाटेने दूर बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते; कोकणातील समुद्राशी तिचे नाते नाही. अशा ठिकाणी मुलांनी खाऱ्या पाण्यातले मासे पाळावयाचे ते कशासाठी? माझे मत असे, की ज्यांना समुद्र पाहावयास मिळत नाही, त्यांच्याच शाळेत किंवा घरात अशी एक लहान पेटी असणे अधिक योग्य आहे. मात्र सकाळी पेटी आणावी, दुपारी पाणी भरावे आणि सायंकाळी मासे सोडावेत, ही जी घाईची रीत पडली आहे, ती सर्वथा टाकून दिली पाहिजे. त्या रीतीने आणलेले मासे बहुधा आठवडाभरही जगत नाहीत.

समुद्रापासून दूर समुद्र सांभाळण्याची कल्पना नवीन नाही. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाच्या जातीचे काही जीव लंडनला आपल्या घरी आणले. त्या काळी पाण्यात हवा सोडणारी यंत्रे घरोघरी नव्हती. म्हणून त्यांची मोलकरीण खिडकीशी उभी राहून रोज अर्धापाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. त्यायोगे पाण्यात प्राणवायू मिसळे व ते जीव जगत. कीर्ती बाईंना मिळाली. हात मात्र मोलकरणीचे दुखले असतील! पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईस समुद्रकाठी तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली. मुलांच्या कित्येक पिढ्यांनी सागरातले मासे प्रथम पाहिले ते तेथेच.

नवशिक्याने सुमारे ८० लिटरांची पेटी घ्यावी. त्याहून लहान पेटी स्वस्त पडते खरी, परंतु थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एवढ्या पेटीस पावणेतीन किलोंच्या आसपास क्षार लागतील. घरातील मीठ येथे उपयोगी नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही असतात, म्हणून मत्स्यालयासाठी तयार मिळणारे मिश्रणच वापरावे. विंधन विहिरीचे जड पाणीही चालत नाही; ते शुद्ध करून घ्यावे लागते.

आता खरी कसोटी येते, आणि ती चिकाटीची असते. मासा पाण्यातच मलविसर्जन करतो. त्यातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो माशाला विषासारखा असतो. हे विष नाहीसे करणारे सूक्ष्म जिवाणू नव्या पेटीत पुरेसे नसतात. ते हळूहळू वाढतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. या घडामोडीस चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत एकही मासा न सोडता, माशांच्या खाद्याची चिमूट टाकून जिवाणूंना पोसावे आणि रंग बदलणाऱ्या द्रावणाने पाणी तपासत राहावे. सेलूच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. कच्चे शेण कोणी पिकाच्या मुळाशी घालीत नाही. ते उकिरड्यात कुजू द्यावे लागते. जमिनीतही याच जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करून पिकाला देत असतात. जे काळ्या रानात घडते तेच काचेच्या पेटीत घडते, हे मुलाच्या ध्यानी आले तर पेटीचा निम्मा खर्च तेथेच वसूल झाला असे मी समजतो.

दुसरी अडचण उन्हाची. पेटीतील पाणी २५ ते २७ अंशांच्या दरम्यान असावे, आणि वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा वारा घालील अशी योजना केली, तर माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने पेटीही काही अंशी गार होते. मात्र वाफ पाण्याची होते, क्षारांची नव्हे. म्हणून आटलेली भर गोड्या पाण्याने करावी. खारे पाणी ओतल्यास पेटी अधिकाधिक खारट होत जाईल. काचेवर एक रेघ ओढून ठेवली म्हणजे काम सोपे होते. वीज जाते तेव्हाकरिता विजेरीवर चालणारा हवेचा पंपही जवळ असावा.

प्रवाळाविषयी मात्र माझे मत कठोर आहे. प्रवाळ ही वनस्पती नव्हे. तो प्राणी आहे, आणि आपल्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाने केलेल्या अन्नावर तो मुख्यतः जगतो. समुद्र एकदोन अंशांनी अधिक तापला व तसाच राहिला, तर ते शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०२४ साली अशी जगव्यापी आपत्ती चौथ्यांदा जाहीर झाली. आपल्या देशात खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार चोरून देऊ लागला तरी ते घेऊ नयेत. शोभेसाठी मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही नको. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक रचावेत. जिवाणूंना तेवढा आसरा पुरतो. बंदिस्त पाण्यात जन्मलेल्या विदूषक माशांची एक जोडी त्यात सोडावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडेही त्यांची पैदास करून दाखविली आहे. जिवंत प्रवाळ पाहावयाचा असेल तर मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तो समुद्र १९८७ साली अभयारण्य झाला.

मराठवाड्यात पाण्याचा असा खर्च का करावा, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाणी शुद्ध करताना वाया जाणारे पाणी झाडांना किंवा भांड्यांना द्यावे, आणि ज्या वर्षी गावात टँकर फिरू लागतील त्या वर्षी नवी पेटी मांडूच नये. विदूषक मासा नीट सांभाळल्यास दहा वर्षांहूनही अधिक जगतो. तेव्हा शाळेने पेटी आणण्यापूर्वीच, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या रेघेपर्यंत रोज पाणी कोण घालणार, त्यांची नावे फळ्यावर लिहून काढावीत.