संपर्कबंदीचा दिवस कोणाच्या खाती?

1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतर मराठवाड्यात उसळलेला प्रक्षोभ आवरण्यासाठी शासनाने जे उपाय योजले, त्यांत इंटरनेट बंद करणे हा एक होता. ऑक्टोबरअखेर बीड जिल्ह्यात जाळपोळ होताच तेथील सेवा थांबवण्यात आली. पाठोपाठ जालन्यातही बंदी आली. फेब्रुवारी 2024 मध्ये बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत त्याच उपायाची पुनरावृत्ती झाली. आरक्षणाच्या गदारोळात या बंदीची स्वतंत्र चर्चा झाली नाही. सुशिक्षित वर्गाला असा दिवस फारसा बोचत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

अवचित घरी बसावे लागलेला पगारदार माणूस प्रथम अस्वस्थ होतो, मग कपाटातले पुस्तक काढतो, मुलांशी दोन शब्द बोलतो आणि सायंकाळी ‘बरे झाले’ असे म्हणतो. त्याच्या समाधानाची टिंगल करण्याचे कारण नाही. विश्रांती हा श्रमिकाचाही हक्क आहे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार चळवळीने जो लढा दिला, तो त्याचसाठी. परंतु ज्याचे त्या दिवसाचे वेतन सुरक्षित असते, त्याच्यापुरतीच ती विश्रांती असते. इतरांच्या बाबतीत तिला खाडा म्हणतात.

नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्यात असा एक दिवस उगवला, तर त्याचा हिशेब कसा लागेल, हे पाहण्यासारखे आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा कोरडवाहू मुलूख. येथील रेशन दुकानात धान्य मिळते ते यंत्रावर अंगठा उमटल्यावर, आणि ते यंत्र चालते जाळ्यावर. साक्षरता प्रसाराने ज्या अंगठ्याची लाज बाळगायला शिकवले, त्याच अंगठ्यावर आता गरिबाची भाकरी टांगली आहे. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून मोबाईलवरील छायाचित्राने नोंदवणे सक्तीचे करण्यात आले. 1972 च्या दुष्काळाने जन्माला घातलेल्या आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकाराला आलेल्या योजनेत मजुराच्या घामाचा पुरावा म्हणून हजेरीपत्रक पुरत होते. पुढे तो पुरावा घामाऐवजी छायाचित्र झाले. शेतकऱ्याला ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद मोबाईलवर करावी लागते. 2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींनाही ई-केवायसीचे बंधन आले. परगावी मजुरीस गेलेला मुलगा घरी पैसे पाठवतो, तेही याच वाटेने.

म्हणजे शासनाने आधी प्रत्येक हक्काची वाट एकाच दारातून नेली, आणि मग ते दार वाटेल तेव्हा लावण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याला दुसरी दारे असतात. ज्याच्यापाशी नाही, तो दुकानाच्या पायरीवर बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मजुरी बुडवून येतो.

या अधिकाराची वंशावळ तपासण्याजोगी आहे. तारा अडवण्याची तरतूद 1885 च्या इंग्रजी तारकायद्यात होती. तिच्याच आधारे 2017 साली दूरसंचार सेवा तात्पुरती थांबवण्याचे नियम झाले. पुढे 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि त्यातील सेवा थांबवण्याचे कलम अमलात आले ते 26 जून 2024 रोजी. 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली होती, हे ज्यांना आठवते, त्यांना या तारखेचा योगायोग सुन्न करील. तेव्हा छापखान्यांची वीज तोडली. आता प्रत्येक नागरिकाच्या हातातले साधन मुके करता येते.

सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर 10 जानेवारी 2020 रोजी स्पष्ट केले की, अशी बंदी बेमुदत असू शकत नाही, ती धोक्याच्या प्रमाणात असली पाहिजे आणि तिचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. असे असूनही काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये तोडलेली वेगवान सेवा पूर्ववत होण्यास फेब्रुवारी 2021 उजाडला. राजस्थानात तर सप्टेंबर 2021 मध्ये शिक्षक भरतीची परीक्षा सुरळीत व्हावी म्हणून अनेक जिल्ह्यांचे इंटरनेट बंद ठेवण्यात आले. नकला रोखण्यासाठी जिल्हे मुके करणारे राज्ययंत्र उद्या मोर्चा रोखण्यासाठी काय करणार नाही?

यावर सांगितले जाते की, अफवा पसरतात, माणसे मरतात. बंदी नको तर दुसरे काय करायचे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु मराठवाड्याने याचे उत्तर फार पूर्वी, स्वतःच्या अंगावर घेऊन दिले आहे. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. त्या काळी इंटरनेट नव्हते. द्वेषाला कोणत्याही तारेची गरज भासली नाही. गरज होती ती वेढलेल्या वस्तीची हाक बाहेर पोहोचण्याची. संपर्क तोडला म्हणजे हल्लेखोराचा हात थांबतोच असे नाही. बळी पडणाऱ्याचा आवाज मात्र नक्की थांबतो.

संकट दंगलीचेच असते असेही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अतिवृष्टीने आणि लेंडी धरणाच्या पाण्याने मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे वेढली, माणसे दगावली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. अशा रात्री वेळेवर पोहोचलेल्या एका निरोपाचे मोल काय असते, ते त्या गावांना विचारावे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पाहताना स्वतःच्या संघटनेकडेही पाहिले पाहिजे. बैठकीचा निरोप व्हॉट्सअॅपवर टाकला की शाखा जिवंत असल्याचा भास होतो. 1938 मध्ये स्थापनेच्या वेळीच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजामाने बंदी घातली. तरीही स्वामी रामानंद तीर्थांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून चळवळ जागती ठेवली. त्यांची सारी शक्ती ओळखीच्या उंबरठ्यांत होती. एका आदेशासरशी जी संघटना मुकी होते, तिची मुळे जमिनीत कितपत उतरली आहेत, हा प्रश्न उरतोच. परंतु ही आत्मपरीक्षणाची बाब झाली. तिने शासनाच्या बंदीचे समर्थन होत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. बंदीचा प्रत्येक आदेश कारणे आणि मुदतीसह मराठीत, तहसील कार्यालयात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. नोव्हेंबर 2024 च्या नियमांनी आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केलेच आहे. तो गावापर्यंत पोहोचला पाहिजे. यंत्र बंद असताना रेशन वहीवर सही घेऊन द्यावे आणि सार्वजनिक कामावरची हजेरी कागदावर ग्राह्य धरावी. अर्ज, पीकनोंद आणि पडताळणी यांच्या मुदती बंदीच्या दिवसांइतक्या आपोआप वाढाव्यात. आणि बंदी असो वा नसो, हक्क मिळवण्याचा कागदी मार्ग नागरिकाला कायम खुला असावा.

या मागण्यांचे ठराव ग्रामसभांत मांडता येतील. त्यासाठी कोणत्याही जाळ्याची गरज नाही. हजेरी लावायची आणि हात वर करायचा, एवढेच लागते. ते काम मुखेडच्या वाड्या-तांड्यांपासून सुरू झाले, तर पुढच्या संपर्कबंदीचा दिवस गरिबाच्या खाती मांडणे शासनाला इतके सोपे जाणार नाही.