ध्वज कोणाचा, धंदा कोणाचा?

मुंबईहून गोवा वा लक्षद्वीपकडे पर्यटक नेणाऱ्या जहाजांच्या स्पर्धेचा निकाल बराचसा समुद्रावर नव्हे, तर नोंदणीच्या कागदावर लागतो. जहाज ज्या देशात नोंदलेले, त्या देशाचा ध्वज, कर व खलाशांविषयीचे कायदे त्याला लागू होतात. पनामा, बहामा येथे नोंदणी केली की हा भार हलका होतो. भारतीय ध्वजाचे जहाज साहजिकच महाग पडते. म्हणूनच १९५८ च्या कायद्याने किनारी वाहतुकीसाठी परकीय जहाजांवर परवान्याची अट घातली. २०२५ च्या नव्या कायद्यानेही ते तत्त्व राखले; मात्र परदेशी पर्यटनजहाजांसाठी ही अट सरकारने यापूर्वीच शिथिल केली होती.

तथापि नुसत्या कुंपणाने जहाजे निर्माण होत नाहीत. अमेरिकेत असा निर्बंध १८८६ पासून आहे. परिणाम काय? कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांची फेरी करणारी परदेशी जहाजे कायद्यापुरती मेक्सिकोच्या एन्सेनाडा बंदराला शिवून येतात. आणि हवाईतच फिरणारे अमेरिकी ध्वजाचे मोठे जहाज 'प्राइड ऑफ अमेरिका' हे एकटेच.

तेव्हा प्रश्न दार उघडे की बंद, एवढाच नाही. भारतीय ध्वज परवडेल अशी करव्यवस्था हवी आणि परकीय जहाजांना सवलत देताना भारतीय खलाशांच्या नेमणुकीची अट हवी. अन्यथा किनारा आपला आणि कमाई परक्यांची, हेच चालू राहील.