गिअर टाकला की ठक्!

मंडळी, मे महिन्यात अमरावतीला जाणं म्हणजे स्वतःहून तव्यावर बसणं. तरी गेलो. कारण मावसभावाचा फोन. पोरगा पुण्यात आयटीत, लग्नासाठी घरी आलेला. सोबत त्याचा जीव की प्राण, म्हणजे एक लिटरची टर्बो पेट्रोल मॅन्युअल कार. गेल्या दिवाळीत बोनसच्या पैशातून त्यानं ती 'ट्यून' करून घेतली. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, ईसीयूमध्ये, नवा मॅप टाकला. बूस्ट वाढला, टॉर्क वाढला, आणि अर्थात फोटोही वाढले.

"दादा, गिअर टाकला की इंजिन नॉक करतं. पुण्याच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, पिस्टन गेलाय, इंजिन खोलावं लागेल. दीड लाख. एफडी मोडू का?"

म्हटलं, थांब. आधी आवाज ऐकू दे.

शनिवारी भर दुपारी आम्ही अकोल्याकडे निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, शंभरेक किलोमीटरचा हायवे. याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान ३ ते ७ जून २०२२ या काळात १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. रस्ता सॉलिड सरळ आणि सपाट. अशा रस्त्यावर आपण काय करतो? पटापट वरचा गिअर टाकतो, पाचव्यात ट्रकमागे आरामात रेंगाळतो, आणि ओव्हरटेक दिसला की त्याच गिअरमध्ये पाय दाबतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवाज मला बडनेऱ्यालाच ऐकू आला. पहिल्यातून दुसरा टाकला, क्लच सोडला, ठक्! दुसऱ्यातून तिसरा, ठक्! एकदाच, जाड, पायाखालून. मी फोन काढला. ओबीडी सॉकेटमध्ये घरूनच एक डोंगल लावला होता. इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान, आरपीएम, ठिणगीचं टायमिंग, सगळं फोनवर रेकॉर्ड होत होतं.

नॉक म्हणजे नेमकं काय?

स्पार्क प्लगच्या ठिणगीनं पेट्रोल-हवेचं मिश्रण एका टोकाकडून पेटत जायला हवं. पण दाब आणि उष्णता फार झाली, की ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं. तो झटका म्हणजे नॉक. आवाज बारीक, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, आणि तोही इंजिनावर लोड असताना. अॅक्सिलरेटर सोडला की गायब. इंजिनाच्या ब्लॉकला आवळलेला नॉक सेन्सर तो ओळखतो आणि ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकून पिस्टन वाचवतो. काचा वर, एसी फुल, गाणी चालू असताना आपल्याला कित्येकदा तो ऐकूही येत नाही.

भाऊरायाचा 'ठक्' या वर्णनात कुठेच बसत नव्हता. पण लॉगमध्ये गंमत दिसली. दुसरा गिअर पडताना ईसीयू टायमिंग मागे घेत होता. म्हणजे सेन्सरला नॉक वाटत होता! भाऊरायाचा चेहरा पडला.

अकोल्यात एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी लॅपटॉप मागितला नाही. बोनेट उघडलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेकवर पाय ठेवून क्लच जरासा सोड म्हणाले. आधी पहिल्यात, मग रिव्हर्समध्ये. स्वतः बाजूला उभे राहून इंजिनाकडे बघत होते. इंजिन चक्क उडी मारत होतं.

"काहून घाबरून राह्यले भाऊ? इंजिनाले काई नाही झालं. हे माउंटिंग फाटलं. वाढवलेला टॉर्क त्या रबरानं सोसला नाही."

दोन तास, एक माउंटिंग, दोन चहा. बिल काही हजारांचं. आता त्या लॉगचाही उलगडा झाला. सैल इंजिन गिअर बदलताना आदळत होतं, तो दणका सेन्सरपर्यंत जात होता आणि ईसीयूला तो नॉक वाटत होता. भाऊराया इतका खूश, की परतीला मला गाडी चालवू देईना.

मी मात्र डोंगल काढला नाही.

खरा चोर

चारच्या उन्हात परत निघालो. ठक् बंद. दुसऱ्या गिअरवरचं टायमिंगही सरळ झालं. पण मूर्तिजापूरच्या पुढे एका ट्रकमागून त्यानं पाचव्यात, दीड हजार आरपीएमला, पाय पूर्ण दाबला आणि टायमिंग सहा-सात अंश खाली आलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गाडीत आवाज शून्य. हा खरा नॉक होता.

कारण सोपं आहे. कमी आरपीएमला पिस्टन सावकाश चालतो, मिश्रणाला भडकायला जास्त वेळ मिळतो. त्यात टर्बो वाढीव बूस्ट ढकलतोय. त्यात वऱ्हाडचं ऊन. २०२४ च्या मेमध्ये अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं. टर्बोनं दाबून गरम केलेली हवा इंटरकूलर थंड करतो, पण बाहेरचीच हवा ४४ अंश असेल तर तो बिचारा काय थंड करणार? आणि चौथा मुद्दा पेट्रोलचा. बीएस-सिक्सच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१, वीस टक्के इथेनॉलमुळे आता ९५. ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकला विरोध जास्त. भाऊरायाचा मॅप मात्र १०० ऑक्टेन गृहीत धरून लिहिलेला. तसं पेट्रोल भारतात डिसेंबर २०२० पासून मिळतं, पण निवडक ठिकाणी. घरी आल्यापासून तो साधंच भरत होता.

मग आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तोच रस्ता, तेच पेट्रोल, तोच मॅप: नॉक बराच कमी. म्हणजे उष्णतेचा हात आहे. त्याच दुपारी चारला, कंपनीचा मूळ मॅप टाकून: नॉक नाही. दोन्ही एकदम बदललं असतं तर कशामुळे फरक पडला, हे कधीच कळलं नसतं.

"म्हणजे पिस्टन गेलेला नव्हता?" त्यानं विचारलं.

"नव्हता. पण तू तो घालवायच्या मार्गावर होतास."

गाडीत थोडा वेळ शांतता. माउंटिंगचा ठक् ऐकून तो दीड लाख खर्चायला निघाला होता. तो आवाज नसता, तर अशीच आणखी वर्षभर चालवली असती.

भाऊरायानं मूळ मॅप ठेवलाय. ट्यूनरशी बोलून खालच्या आरपीएमचा बूस्ट कमी केलेला, ९५ ऑक्टेनसाठीचा मॅप तो बनवून घेणार आहे. एफडी शाबूत. मावशीला यातलं काहीच सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

तुमच्या गाडीसाठी

• जाड, एकच ठक्, थंड-गरम केव्हाही: आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग बघा, मग ड्राइव्हशाफ्ट.
• बारीक खडखड, चढावर किंवा ओव्हरटेकला: नॉक. पाय सोडा, खालचा गिअर टाका.
• टर्बो गाडीत दोन हजार आरपीएमच्या खाली वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबू नका. ट्यून केलेली असेल तर अजिबात नाही.
• मॅप कोणत्या ऑक्टेनसाठी आहे, हे ट्यूनरकडून लिहून घ्या. वॉरंटीचं काय होतं, तेही आधीच विचारा.
• 'इंजिन खोलावं लागेल' म्हणणाऱ्याला एकच प्रश्न: काय तपासून म्हणताय?