उरलेल्या लाकडाची पेटी : आधी लाकडाची चौकशी, मग करवत

बेळगाव-खानापूर भागात जुनी कौलारू घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. घर उतरले की अंगणात वासे, रिपा, फळ्या आणि चौकटींचा ढीग पडतो. त्यातले चांगले लाकूड विकले जाते आणि उरलेले बंबात जाते. आमचे मत असे की, या उरलेल्या फळ्यांतून परसदारी पालेभाजीची एक पेटी अवश्य करावी. मात्र लाकडाची चौकशी केल्याशिवाय करवत हाती घेऊ नये.

कोणी म्हणेल, एकरांनी जमीन असताना पेटी कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु शेतात भात आणि ऊस, आणि कोथिंबिरीची जुडी मात्र बाजारातून, अशी पुष्कळ घरांची स्थिती आहे. पावसाळ्यात तर मुसळधार सरींनी उघड्यावरची पालेभाजी कुजते. पेटी आडोशाला, पण ऊन मिळेल अशा जागी ठेवता येते. मेथी आणि लाल माठ महिन्याभरात काढणीला येतात, आणि दारातली भाजी ताटात अधिक वेळा येते.

आता लाकडाविषयी. साग किंवा फणस यांचे गाभ्याचे, बिनरंगी लाकूड उत्तम. आंब्याची फळी लवकर कुजते. जुना तेलरंग दिलेली दारे व चौकटी मात्र भाजीच्या पेटीला लावू नयेत. पूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असे. घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा केंद्र सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या रंगाचे पोपडे मातीत पडतात. ती माती पानांना, कंदांना आणि मुलांच्या हातांना लागते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि त्याचे अमुक एक प्रमाण निर्धोक असे मानले जात नाही.

असा रंग कोरडा घासून काढू नये. त्याची धूळ अधिक घातक. ते लाकूड बंबातही घालू नये, कारण शिसे धुरात आणि राखेत राहते आणि आपण ती राख भाजीवर टाकतो. गव्हाणीलाही ते लावू नये. जनावरे चाटतात आणि विषबाधेने दगावतात.

रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजलेले असते, तेही वर्ज्य. वाळवी लागू नये म्हणून इंजिनाचे जळके ऑईल फासण्याची पद्धत आहे. कुंपणाच्या खांबाला कोणी लावीत असेल, पण खाण्याच्या भाजीपाशी ते नको. बाहेरच्या अंगाला कच्चे जवसाचे तेल लावावे.

पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल पुरे. चारही कोपऱ्यांत आतून दोन इंची चौकोनी खुंट्या उभ्या करून फळ्या त्यांना स्क्रूने आवळाव्यात. लाकूड भिजून फुगते, सुकून आकसते; त्यात खिळे ढिले होतात. तळाला बोट जाईल अशी सहा-सात भोके पाडावीत. पेटी विटांवर चार इंच उचलून ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाते आणि वाळवी चढू लागली तर लगेच दिसते. अशा पेटीत सुमारे सव्वाशे लिटर माती मावते. भिजल्यावर तिचे वजन दीडशे किलोंच्या वर जाते. म्हणून आधी जागा ठरवावी, मग भरावी. दोन टोपल्या मातीला एक टोपली पुरते कुजलेले शेणखत घ्यावे. माती चिकट काळी असेल तर थोडी वाळू मिसळावी.

या कामाला पैसा फार लागत नाही, विवेक लागतो. फुकट मिळालेले लाकूड सोडवत नाही, हे खरे. पण त्याच मोहाने विष भाजीपर्यंत पोचते. तेव्हा अंगणात ढीग पडला असेल तर आधी त्याचे दोन भाग करा : बिनरंगी एका बाजूला, रंगाचे आणि डांबराचे दुसऱ्या बाजूला. ज्या फळीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ती दुसऱ्या ढिगात टाका. पहिल्या ढिगातून तीन-चार फळ्या निघाल्या तरी पेटीपुरत्या होतात.