दाखला पाण्याने द्यावा

उन्हाळी सहलीच्या अर्जावर ‘पाल्यास पोहता येते काय?’ या प्रश्नापुढे पालकांनी ‘होय’ लिहावे आणि तेवढ्या लेखी हमीवर आम्ही कार्यकर्त्यांनी त्या पाल्यास खोल तलावावर होडीत बसवावे, हा शिरस्ता जेथे जेथे चालू असेल तेथून तो विनाविलंब उठविला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ‘होय’ खोटे असते असे नव्हे. परंतु त्याचा अर्थ घरोघर निराळा असतो. एका घरी तो छातीभर पाण्यात काठ धरून पाय मारण्याइतकाच असतो, तर दुसऱ्या घरी पाठीला सुका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या वडिलांनी मुलाच्या वतीने बाळगलेला तो केवळ आत्मविश्वास असतो.

अमेरिकेतील स्काउट संघटनेने अशा संदिग्धतेस वाव ठेवलेला नाही. तिच्या कसोटीनुसार उमेदवाराने डोक्यावरून जाणाऱ्या पाण्यात पायांवर उडी घ्यावी, वर येऊन 75 यार्ड दमदारपणे पोहावे, पुढील 25 यार्ड पाठीवर संथपणे कापावे, त्या संपूर्ण अंतरात कोठेही न थांबता निदान एकदा तरी झटकन वळावे, आणि अखेरीस तरंगत विसावा घेऊन दाखवावा. ही कलमे उगाच घातलेली नाहीत. कारण होडी उलटते तेव्हा मूल पायऱ्या उतरून पाण्यात जात नाही, ते अकस्मात पडते, आणि दमल्यावर ज्याला उताणे तरंगता येत नाही त्याचा वेग त्याच्या फारसा कामी येत नाही. ही कसोटी दरवर्षी नव्याने द्यावी लागते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘लाइफ जॅकेट असताना हा खटाटोप कशाला?’ अशी हरकत घेतली जाते. जॅकेट अनिवार्य आहेच. तथापि ते ढिले बांधलेले असते, काठाजवळ येताच काढले जाते, आणि गार पाण्यात गांगरलेल्या मुलाला धीर देणे त्याच्या शक्तीबाहेरचे असते. शिवाय बुडणाऱ्याला बहुधा हाक मारता येत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या अवधीत त्याला कसाबसा श्वासच घेता येतो.

दुसरी हरकत मानापमानाची. चारचौघांत मूल नापास झाले तर ते हिरमुसेल, हे खरे. पण या कसोटीने कोणालाही सहलीतून वगळावयाचे नसून कोणी किती खोल पाण्यात जावे आणि कोणाच्या जोडीस कोण असावे, एवढेच ठरवावयाचे असते. न पोहणाऱ्यासही उथळ पाण्यात खेळण्याची पूर्ण मुभा राहते.

म्हणून कार्यकारिणीने येत्या उन्हाळ्यापूर्वी ठराव करावा, की जीवरक्षक असलेल्या तरणतलावात सहलीआधी सर्व मुलांची, तसेच सोबत जाणाऱ्या प्रौढांचीही, कसोटी घ्यावी. तरणतलावाचे भाडे सहलीच्या खर्चातच धरावे. आणि ज्याने ती दिली नसेल त्याचे नाव, मग ते अध्यक्षांच्या चिरंजीवांचे का असेना, होडीच्या यादीत घालू नये.